हार-तुरे नंतर, आधी डाव द्या

परभणी जिल्ह्यातल्या आईवडिलांना, शाळेतल्या सर-मॅडमना आणि गावोगावच्या जाणत्या मंडळींना एक विनंती आहे, ती आधीच सांगून टाकतो. आपली मुलं शालेय बुद्धिबळ स्पर्धेत जिल्ह्यातून निवडली जाऊन विभागाला जातात. ती जिंकून आली की आपण हार-तुरे घेऊन उभे राहतो, पेपरात फोटो देतो, चौकात फ्लेक्स लावतो. ते जरूर करा, मुलांना बरं वाटतं. पण जाण्याआधी त्यांना डाव द्या. समोर माणूस, बाजूला घड्याळ, हातात पेन आणि उठायची घाई नाही, असे डाव. आपली मुलं विभागात मागे पडतात ती बुद्धी कमी म्हणून नाही. असे डाव त्यांच्या वाट्याला आलेलेच नसतात, म्हणून.

ज्यांना या स्पर्धांची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आधी तालुका, मग जिल्हा, मग विभाग, मग राज्य आणि शेवटी राष्ट्रीय. गट 14, 17 आणि 19 वर्षांखालील, मुलांचे वेगळे, मुलींचे वेगळे. आपले तालुके नऊ: परभणी, गंगाखेड, सोनपेठ, पाथरी, मानवत, सेलू, जिंतूर, पूर्णा, पालम. या नऊ तालुक्यांतून वर आलेली मोजकी मुलं विभागाला जातात आणि तिथे त्यांची गाठ छत्रपती संभाजीनगरसारख्या मोठ्या शहरातल्या मुलांशी पडते. बहुतेकांची वाट तिथेच थांबते.

तिथे समोर बसलेलं मूल जास्त हुशार असतं असं समजू नका. ते रविवारी-रविवारी खुल्या स्पर्धा खेळून आलेलं असतं. घड्याळात शेवटचं एक मिनिट उरल्यावर हात कसा थरथरतो, हे त्याने अनुभवलेलं असतं. सकाळची फेरी हरून दुपारच्या फेरीला शांत बसायची त्याला सवय असते. आपलं मूल वर्गात सगळ्यांना हरवतं, घरी मोबाइलवर तीन-तीन मिनिटांचे डाव खेळतं, आणि तालुका-जिल्ह्याच्या फेऱ्या सोडल्या तर वर्षभरात खरा डाव त्याला क्वचितच मिळतो. जत्रेतल्या कुस्तीच्या फडात पोराला सोडायच्या आधी वस्ताद त्याला तालमीत घाम गाळायला लावतो. बुद्धिबळात मात्र आपण पोराला थेट फडात सोडतो, आणि पडलं की म्हणतो, शहरातली पोरं भारी असतात.

हल्ली प्रत्येक घरात दिव्या देशमुखचं नाव निघतं. निघायलाच पाहिजे, नागपूरची पोरगी आहे. 2025 च्या जुलैत जॉर्जियातल्या बाटुमीला महिलांच्या विश्वचषकाच्या अंतिम लढतीत तिने कोनेरू हम्पीसारख्या मुरलेल्या खेळाडूला टायब्रेकमध्ये हरवलं. त्या स्पर्धेत तिचं मानांकन पंधरावं होतं. ग्रँडमास्टर होण्यासाठी लागणारा एकही नॉर्म तोवर तिच्याकडे नव्हता. विश्वचषक जिंकल्यामुळे ती थेट भारताची 88 वी ग्रँडमास्टर झाली. ही गोष्ट सांगून आपण मुलांना म्हणतो, बघ, एकोणिसाव्या वर्षी कुठे पोचली. पण तिने 2014 साली डर्बनला दहा वर्षांखालील मुलींचं आणि 2017 साली ब्राझीलमध्ये बारा वर्षांखालील मुलींचं जागतिक विजेतेपद मिळवलं होतं, हे सांगायचं राहून जातं. बाटुमीच्या आधी दहा-बारा वर्षं ती पोरगी सतत डाव खेळत होती, हरत होती, पुन्हा बसत होती. मुलांना विश्वचषक दाखवताना ही वर्षंही दाखवा.

आता डाव द्या म्हणजे काय करायचं, ते नीट सांगतो, कारण माझं सगळं म्हणणं त्यातच आहे.

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी मुलं एकत्र बसली पाहिजेत. जागा शाळेचा वर्ग असो, गावचं वाचनालय असो, ग्रामपंचायतीचं सभागृह असो की देवळाचा सभामंडप. एका बैठकीत एक किंवा दोनच डाव. प्रत्येकाला किमान अर्धा तास वेळ. आणि प्रत्येक खेळी वहीत लिहायची, स्वतःचीही आणि समोरच्याचीही. पटावरच्या चौसष्ट घरांना नावं असतात, आडवी ए ते एच आणि उभी 1 ते 8. पाचवीतलं मूल तासाभरात ते शिकतं. तुम्हाला बुद्धिबळ येत नसलं तरी मुलाने वही भरली की नाही, हे तुम्ही पाहू शकता.

ही वही सर्वांत मोठा गुरू आहे. जिथे कोच नाही तिथे तर आहेच. डाव संपल्यावर दोघांनी मिळून तो पहिल्यापासून पुन्हा मांडायचा आणि एकच गोष्ट शोधायची: डाव कुठे फिरला? कोणत्या खेळीपर्यंत बरोबरी होती आणि कोणत्या खेळीला तोल गेला? सुरुवातीला मुलं म्हणतात, माझा वजीर गेला तिथे. मग आणखी मागे जायला सांगा. वजीर अडकला का? कारण त्याआधी घोडा भलत्या जागी नेला होता. घोडा तिथे का नेला? समोरच्याच्या खेळीकडे बघितलंच नव्हतं. ही शेवटची ओळ मुलाने स्वतःच्या तोंडाने सांगितली की त्याला शिकवायचं ते शिकवून झालं. अशा दहा-वीस लिहिलेल्या डावांतून मुलाला आपली खोड सापडते. कोणी घाईने मारामारी करतं, कोणी राजा मधेच उघडा ठेवतं, कोणाचा खेळ जिंकत आल्यावर सैल पडतो. मोबाइलवर हरलं की अंगठ्याने नवा डाव सुरू होतो आणि खोड तशीच राहते.

मोबाइल टाकून द्या असं मी म्हणत नाही. आपल्याकडे ज्या गावात दुसरा खेळाडूच नाही, तिथे मोबाइल हाच आधार आहे. लिचेस नावाचं संकेतस्थळ पूर्ण मोफत आहे, त्यावर जाहिराती नाहीत, आणि सरावासाठी हजारो कोडी आहेत. मुलांनी ती कोडी रोज सोडवावीत. खेळायचंच असेल तर पंधरा मिनिटांचे, अर्ध्या तासाचे डाव खेळावेत. मात्र स्पर्धेच्या आधी काही आठवडे तरी खऱ्या पटावर खेळायलाच हवं. पडद्यावरचा चपटा पट आणि टेबलावरची उभी मोहरी डोळ्याला फार वेगळी दिसतात. मोहऱ्यांच्या मागे लपलेला तिरका उंट पहिल्या दिवशी दिसतच नाही.

आता नियमांकडे येऊ. विभागात आपली मुलं नियमांपायी जे डाव गमावतात, त्यांचं मला सर्वांत जास्त वाईट वाटतं. हे डाव फुकट जातात.

आपल्याकडे पारावर बसून जुन्या पद्धतीने खेळणारी वडीलधारी माणसं अजून आहेत आणि त्यांचा खेळ चांगला असतो. मुलांनी त्यांच्याकडून जरूर शिकावं. पण त्या खेळात प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर सरकतं, राजाला एकदा घोड्याची चाल मिळते, आणि प्यादं शेवटच्या घरात पोचलं की ज्याच्या घरात पोचलं तेच मोहरं बनतं. स्पर्धेत यातलं काहीच चालत नाही. तिथे प्यादं पहिल्या खेळीला दोन घरं जाऊ शकतं, आणि ते दोन घरं गेल्यावर शेजारचं प्यादं त्याला वाटेत मारू शकतं. हा नियम माहीत नसलेलं मूल गोंधळून पंचांकडे बघत राहतं आणि तिथेच त्याचं लक्ष उडतं.

ज्या मोहऱ्याला मुद्दाम हात लागला त्याची चाल करावीच लागते. मोहरं नुसतं घरात नीट ठेवायचं असेल तर आधी तसं बोलून मगच हात लावायचा. कॅसलिंग, म्हणजे राजा आणि हत्तीची एकत्र चाल, करताना पहिला हात राजाला. हत्तीला आधी हात लावला तर त्या खेळीत त्या बाजूचं कॅसलिंग होत नाही, हत्तीचीच चाल करावी लागते. ज्या हाताने चाल केली त्याच हाताने घड्याळ दाबायचं. बेकायदा चाल करून घड्याळ दाबलं की पहिल्यांदा समोरच्याला जादा वेळ मिळतो, दुसऱ्यांदा डाव जातो. बरोबरीचा प्रस्ताव आपली चाल केल्यावर आणि घड्याळ दाबण्याआधी द्यायचा. आपल्याकडे एक वजीर जास्त असताना समोरच्या राजाला शह न देताच पुरता कोंडला आणि त्याला चालच उरली नाही, तर डाव बरोबरीत सुटतो. हे सगळं अर्ध्या तासात सांगून होतं, पण नुसतं सांगून उपयोग नाही. आठवड्याच्या डावात हेच नियम लावा. तिथे मित्रानेच "हात लागला, चाल" असं म्हटलेलं असलं की स्पर्धेत चूक होत नाही.

आणि एक गोष्ट नियमांच्या पुस्तकात अर्ध्या ओळीची आहे, पण आपल्या मुलांसाठी सर्वांत मोठी आहे. अडचण आली तर घड्याळ थांबवा, हात वर करा आणि पंचांना बोलवा. खेड्यातलं मूल हे करत नाही. मोठा हॉल, अनोळखी माणसं, समोरचा मुलगा ठासून बोलतो की तू या मोहऱ्याला हात लावलास, आणि आपलं मूल, हात लावलेला नसतानाही, मान खाली घालून नको ती चाल करून बसतं. मोठ्यांपुढे उलट बोलायचं नाही, हे आपणच त्याला शिकवलेलं असतं. तेव्हा हेही आपणच शिकवायला हवं की पंचांना बोलावणं म्हणजे भांडण नव्हे, तो प्रत्येक खेळाडूचा हक्क आहे. घरी सराव करून घ्या. हात वर करायचा, उठायचं नाही, समोरच्याशी वाद घालायचा नाही, आणि काय झालं ते पंचांना दोन वाक्यांत सांगायचं. लाजरी मुलं चार वेळा करून बघितल्यावर बोलतात.

मानांकनाचं दडपणही असंच. फेरीची यादी लागते, समोरच्याच्या नावापुढे 1500 चा आकडा दिसतो आणि आपलं मूल पहिल्या खेळीआधीच हरतं. त्याला सांगा की हा आकडा म्हणजे त्या मुलाने मानांकन स्पर्धा खेळल्याची नोंद आहे. 2024 च्या मार्चपासून जागतिक संघटनेने 1400 च्या खालची मानांकनं देणंच बंद केलं. आकडा मिळायला मानांकित खेळाडूंशी किमान 5 डाव व्हावे लागतात, आणि आपल्या मुलांना तशा स्पर्धा जवळपास मिळत नाहीत. आकडा नाही याचा अर्थ खेळ नाही असा होत नाही.

निवडलेल्या मुलांना आपण जिल्ह्याचा संघ म्हणतो. पण एक मूल सेलूचं, एक जिंतूरचं, एक गंगाखेडचं, दोन परभणी शहरातली, आणि त्यांची नीट ओळख होते ती प्रवासात. हे बदलणं आपल्या हातात आहे. जिल्ह्याची निवड आणि विभागाची स्पर्धा यांच्यामध्ये एक-दोन रविवार तरी असतात. त्या रविवारी या मुलांना परभणीत एकत्र बसवा. त्यांनी एकमेकांशी खेळावं, एकमेकांच्या वह्या बघाव्यात, दुपारी एका पंगतीला जेवावं. जिल्ह्यातली सर्वांत चांगली मुलं तीच आहेत, म्हणजे सरावाला सर्वांत चांगला जोडीदारही तिथेच आहे. बाहेरून कोणाला आणायची गरज नाही.

2024 च्या सप्टेंबरात बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये भारताच्या महिला संघाने सुवर्णपदक घेतलं. संघाचे कर्णधार पुण्याचे ग्रँडमास्टर अभिजित कुंटे होते, आणि तिसऱ्या पटावर दिव्याने 11 डावांत साडेनऊ गुण मिळवले. हा संघ आठव्या फेरीत पोलंडकडून हरला होता आणि नवव्या फेरीत अमेरिकेशी बरोबरीत अडकला होता. सुवर्ण हातचं गेलं असं तेव्हा कोणालाही वाटलं असतं. पुढच्या फेरीत त्यांनी चीनला हरवलं, आणि त्या लढतीतला विजय दिव्याच्या पटावर आला. आपल्या मुलांना ही गोष्ट प्रवासात सांगा. पहिली फेरी गेली म्हणजे स्पर्धा गेली नाही, आणि शेजारच्या पटावरची मैत्रीण हरली तर आपलं काम वाढलं, एवढंच.

मुलींविषयी वेगळं बोलायला हवं. चौदा वर्षांखालील गटात मुलींचे पट भरलेले दिसतात. सतराच्या गटात कमी होतात, एकोणीसच्या गटात बोटांवर मोजण्याइतक्या उरतात. खेळ आवडेनासा झाला म्हणून त्या थांबत नाहीत. मुक्कामाला सोबत कोण जाणार, हा प्रश्न सुटत नाही म्हणून थांबतात. त्याचं उत्तर सोपं आहे. शाळेतल्या एखाद्या मॅडमनी किंवा संघातल्या एखाद्या आईने सोबत जावं आणि तिचा प्रवासखर्च बाकीच्यांनी वाटून घ्यावा. महाराष्ट्राला मुलींच्या बुद्धिबळाचा मोठा इतिहास आहे. मुंबईच्या खाडिलकर बहिणींनी, वासंती, जयश्री आणि रोहिणी यांनी, सत्तरच्या दशकात महिलांचं राष्ट्रीय विजेतेपद जवळजवळ घरातच ठेवलं होतं. 1976 साली तेरा वर्षांची रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली तेव्हा गदारोळ झाला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांना निर्णय द्यावा लागला की महिलांना अशा स्पर्धांतून रोखता येणार नाही. जी वाट तेव्हा न्यायालयातून मोकळी झाली, ती आज एस.टी.च्या तिकिटापाशी अडू देऊ नका.

आणखी एक अडचण खास आपल्या भागाची. या स्पर्धा पावसाळ्यात सुरू होतात आणि पुढच्या फेऱ्या सोयाबीनची काढणी, कापसाची वेचणी या दिवसांत येतात. घरात माणूस मोकळा नसतो. गंगाखेड, सोनपेठकडची कितीतरी कुटुंबं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला निघतात आणि मुलं सोबत जातात. तालुक्यात पहिलं आलेलं मूल पुढच्या फेरीच्या दिवशी फडावर असू शकतं. अशा मुलाला दोन-तीन महिने ठेवून घेणारं एक घर गावात निघालं पाहिजे. नातेवाईक असतील तर उत्तम, नसतील तर शेजार आहे. शिक्षकांनी निवड झाल्याच्या दिवशीच पालकांना विचारावं: तुम्ही कधी निघणार, आणि हा कुठे राहणार?

प्रवासाबद्दल फार लांबवत नाही. संभाजीनगरला जायचं म्हणजे जवळपास दोनशे किलोमीटर. पहाटे निघून दहाची फेरी गाठायचा हिशोब करू नका, आदल्या संध्याकाळीच पोचा. ओळखपत्र, जन्मतारखेचा दाखला, मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याचा अर्ज, सगळं एका फाइलमध्ये आणि ती फाइल मोठ्या माणसाकडे. सोबत धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, पाण्याची बाटली असू द्या. दोन फेऱ्यांच्या मध्ये वडापाववर भागवलेलं मूल चौथ्या फेरीत पेंगतं. मुलाचा मोबाइल तुमच्याकडे ठेवा. खेळताना खिशात फोन सापडला तर हातात आलेला डावही जातो.

हॉलच्या दाराशी तुम्ही उभे असाल, मूल बाहेर येईल, आणि चेहऱ्यावरूनच निकाल कळेल. हरलेल्या मुलाला लगेच काही विचारू नका. आधी पाणी द्या, खायला द्या. "कसा हरलास?" हा प्रश्न वहीचा आहे आणि तो घरी आल्यावर. समोरचं मूल त्याच्याच वयाचं आहे, त्याच्या आईवडिलांसमोर त्याला नावं ठेवू नका. पंचांवर ओरडू नका, कारण तुमचं ओरडणं मूल पुढची फेरी संपेपर्यंत ऐकत बसतं. बोर्डाच्या परीक्षेत खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात, नोकरीत खेळाडूंसाठी आरक्षण आहे, हे खरं आणि चांगलं आहे. पण मूल पटावर बसलेलं असताना त्याच्या डोक्यावर ते ओझं ठेवू नका. दहावीच्या गुणांसाठी खेळणारं मूल दहावीनंतर पट गुंडाळून ठेवतं.

या सगळ्याला पैसा किती लागतो? गुंडाळता येणारा पट आणि प्लास्टिकची मोहरी ही फार मोठी खरेदी नाही. वह्या घरात असतात, जागा गावात आहे. महागाची एकच वस्तू, चेस क्लॉक. ते येईपर्यंत मोबाइलमध्ये घड्याळाचं मोफत अ‍ॅप घालून काम भागतं, पण बटण दाबायची सवय खऱ्या घड्याळावरच लागते. म्हणून शेवटची विनंती गणेश मंडळांना. यंदाच्या वर्गणीतून तुमच्या गावच्या शाळेला दोन पट आणि दोन घड्याळं घेऊन द्या, आणि विसर्जनानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी दहा वाजता मुलांना मंडपातच खेळायला बसवा.